हुकमाची भाषा

गुलबर्ग्याच्या गिरणीचे निम्मे माग बंद पडले होते. उदास कामगारांना खेळ पाहून हुरूप यावा, म्हणून मालकांनी बिदरकडच्या चिंताकी गावातला पोरांचा हॉकी संघ शहरात राहायला आणला. पण पहिला सामना हरला, तर गाठोडी बांधून परत जायचं, असंही बजावलं.

सामन्याआधी पंचांनी हुकूम सोडला, "मैदानात फक्त सरकारी भाषा, उर्दूच बोलायची. मराठी-कानडी ऐकू आली, की गडी बाहेर!" समोरचा शहरी संघ खदखदून हसला.

"अण्णा, आता चेंडू कसा मागायचा?" गुरुराजनं विचारलं.

"मागायचाच न्हाई. तोंड बंद ठिवा, कान उघडे," कर्णधार व्यंकटेश म्हणाला.

चिंताकीची पोरं शेवटच्या शिट्टीपर्यंत मुक्यानं खेळली. शहरी पोरं एकमेकांना हाका मारत चेंडू टाकायची, आणि चिंताकीचा गडी तिथं आधीच उभा असायचा. चिंताकीनं सामना तीन गोलांनी जिंकला.

पंच चक्रावले. "गेंद किधर जाती, तुमना पहलेच कैसा मालूम पडा रे?"

सामना संपला होता, हुकूमही संपला होता. तेव्हा कुठं व्यंकटेशनं तोंड उघडलं.



"हुजूर, आपकेच लोगां उर्दू में चिल्ला-चिल्ला को बता रहे थे ना!"