चूक मशीनची

“हे मशीन खोटं बोलतं!” नाचण्यांनी काउंटरवर हात आपटला. “मी दांडी ओढतो आत्ता आणि विमान ऐकतं अर्ध्या सेकंदानं. मग पडणार नाही तर काय होईल?”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. झहूरने ओठ आवळले. वाशीला सेक्टर सतरात कॉम्प्युटरचं दुकान टाकून त्याला तीन वर्षं झाली होती. पण या महिन्यात या एका म्हाताऱ्याने त्याचं जेवढं डोकं खाल्लं होतं, तेवढं कुणीच खाल्लं नव्हतं. मधुकर नाचणे, वय सदुसष्ट, रिटायर्ड इंजिनियर. आणि वेड कसलं, तर विमान उडवायच्या गेमचं.

“काका, मशीन खोटं नाही बोलत, स्लो आहे,” झहूर म्हणाला. “तुमचं फोर-एटी-सिक्स आहे. आता सत्त्याण्णव साल चालू आहे. गेम नवीन, प्रोसेसर जुना. अडखळणारच.”

“मग नवीन दे.”

“दोन रस्ते आहेत. एक, एकशेतेहतीस मेगाहर्ट्झची चिप आहे. जुनी काढायची, ही लावायची, तुमच्याच बोर्डावर बसते. दुसरा पेंटियम, एकशेसहासष्टचा. त्याला बोर्ड बदलावा लागतो, रॅमपण. गेमच खेळायचाय ना? चिप घ्या, टेन्शन नाही.”

“चिपवर विमानाची गणितं बरोबर होतील?”

“चित्र एकदम स्मूथ दिसेल.”

“चित्राचं विचारलं का मी तुला?” नाचण्यांचा आवाज चढला. “गणितं! वाऱ्याची, वजनाची, वेगाची!”

“दशांशाच्या गणितात चिप थोडी कमी पडते,” झहूर चिडून म्हणाला. “तिथं पेंटियम पुढे आहे. पण गेममध्ये एवढं कोण बघतं?”

“मी बघतो. पेंटियम लाव.”

किंमत त्यांनी विचारलीच नाही.

रविवारी सकाळी झहूर बोर्ड आणि प्रोसेसर घेऊन कोपरखैरण्याला त्यांच्या फ्लॅटवर गेला. दार सरस्वतीबाईंनी उघडलं. नाचण्यांच्या बायकोशी ही त्याची पहिलीच भेट.

“हे बसवल्यावर संपेल ना एकदाचं?” त्यांनी हळूच विचारलं.

बिचारी या गेमला कंटाळलीये, असं झहूरला वाटलं. “संपेल, काकू,” तो म्हणाला.

दोन तास तो स्क्रू, केबली आणि जंपर यांच्यात अडकला होता. नाचणे शेजारी उभे राहून प्रत्येक गोष्टीवरून बोलत होते. पंखा नीट बसवलास का? रॅम पूर्ण आत गेली का? झहूरने तीन वेळा राग गिळला.

शेवटी मशीन चालू झालं. नाचण्यांनी खुर्ची ओढली आणि गेम लावला. वाऱ्याचा वेग, ढगांची उंची, इंधन, सगळे आकडे त्यांनी कुठेही न बघता भरले. मग डावं इंजिन बंद केलं.

“काका, एवढं अवघड कशाला?” झहूर म्हणाला. “दोन्ही इंजिनं चालू ठेवा, आभाळ मोकळं करा. मजा येईल.”

“मला मजा नकोय.”

चित्र आता कुठेच अडखळत नव्हतं. ढगांतून धावपट्टी दिसली. विमान डावीकडे कललं आणि कोसळलं. नाचण्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा कोसळलं. असं पाच वेळा झालं.

मग ते मागे टेकून बसले. महिनाभरात पहिल्यांदाच झहूरला त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला.

“बघितलंस?” ते म्हणाले. “आता मशीनपण चांगलं आहे. तरी नाही उतरत. कुणीही बसला तरी हे विमान उतरणार नाही.”

महिनाभर ऐकून घेतलेलं सगळं झहूरच्या डोक्यात गेलं. म्हणजे आता पेंटियमपण बेकार? उद्या पुन्हा हा दुकानात येऊन चार लोकांसमोर हात आपटणार?

“मशीन ठीक आहे, काका!” तो ओरडला. “विमानपण ठीक आहे. चूक चालवणाऱ्याची आहे. दुसऱ्यावर ढकलू नका!”

नाचणे ताडकन उठले. त्यांनी खुर्ची झहूरकडे ढकलली. सरस्वतीबाई हात पुसत आतून आल्या आणि दारातच थांबल्या.

“बस इथं,” नाचणे म्हणाले. “उतरवून दाखव.”

झहूर बसला. पहिल्यांदा विमान समुद्रातच गेलं. नाचणे मोठ्यानं हसले. झहूरचे कान तापले. त्याने बाह्या वर सारल्या.

म्हाताऱ्याचं काय चुकतं ते त्याच्या लक्षात आलं होतं. विमान खाली जायला लागलं की ते घाबरून दांडी मागे ओढत होते, त्याने वेग जायचा. झहूरने उलट केलं. नाक खाली दाबलं, वेग वाढू दिला, मग उजवीकडे हळूहळू तोल सावरला. धावपट्टी जवळ आली. चाकं टेकली.

“उतरलं!”

“पुन्हा,” नाचणे म्हणाले.

पुन्हा उतरलं.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदाही ते अलगद उतरलं आणि पट्टीच्या मधोमध थांबलं. झहूरचा राग कुठल्या कुठे गेला. तो हसत मागे वळला.

“शिकवतो तुम्हाला, काका. डोकं शांत ठेवलं की जमतं. कुणालापण जमेल.”

नाचण्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. खुर्चीची पाठ घट्ट धरून ते दाराकडे बघत होते.

“सरस्वती,” ते म्हणाले, “अपघाताच्या चौकशीवाल्यांनी खरं तेच लिहिलं होतं गं. आपल्या अविनाशला त्या दिवशी विमान उतरवता आलं असतं.”