भलत्या चकतीवरचा ठसा

दिवसभर मुलामा दिलेली नाणी तपासून माझे डोळे शिणले होते. जुन्या नाण्यांचं माझं दुकान बंद करणार, तोच थोरली अक्का आली. "पाच रुपयांचं नवं नाणं आहे, पण पिवळं नाही, पांढरं. खोटंच ना?"

माझ्या मुलीने नाणं काट्यावर ठेवलं, मग लोहचुंबक लावला. नाणं चटकन चिकटलं. "बाबा, वजनही कमी आहे. रुपयाची स्टीलची चकती दिसतेय."

मी भिंगातून पाहिलं. कडेची अक्षरं अर्धवट उमटली होती. पोरीचं बरोबर होतं. "खोटं नाही, अक्का. टांकसाळीत पाचाच्या ठशाखाली चुकून भलतीच चकती गेली."

"म्हणजे ठसा घरचा, धातू परका," मुलीकडे बघत अक्का म्हणाली. आम्ही पोरीला दत्तक घेतलं, तेव्हापासून अक्काचे टोमणे चालू आहेत. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मुलगी खाली मान घालून भिंग पुसत राहिली; मी सदऱ्याच्या टोकाने पुसतो तसंच, ओढणीच्या टोकाने.

"मग असल्या नाण्याचं करायचं काय?" अक्काने विचारलं.

"असलं नाणं हाती लागलं, की मी दुकानात विकायला ठेवत नाही," मी म्हणालो. "घरी नेतो."