‘हेही पाहा’ या ओळीचा आग्रह

सुज्ञ वाचकहो, संगणकाच्या मदत-पानांतील एका ओळीसाठी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घडलेला प्रसंग येथे यथामती व अत्यंत संक्षेपाने निवेदन केला जात आहे.

बयाबाई खुर्चीवरून उठावयास तयार नव्हती. समोर सॉफ्टवेअर कंपनीचे मालक यशराज उभे होते. बाजूस मदत-पाने लिहिणारी संयोगिता बसली होती. कोडोलीच्या ज्या दूध केंद्रात बयाबाई वजनकाट्यावर बसते, तेथील सॉफ्टवेअर याच कार्यालयात तयार झाले होते. काल सायंकाळी काटा मध्येच अडकला आणि लोकांचे दूध कॅनमध्येच नासले.

“मावशी, एक फोन करायचा की!” यशराज म्हणाले.

“तिला ऐकू येत न्हाय, सायेब,” तिचा नवरा हंबीरराव दारातूनच गरजला. “वाचती मात्र झकास. आन् आज सांजंला परत अडलं, तर कमिटी तिच्या जागी दुसरी बाई बशीवणार हाय.”

बयाबाईने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवले. “हितं बघा. ‘थांब’ ह्या आज्ञेचं पान म्हणतंय, ‘हेही पाहा: सुरू’. ‘सुरू’चं पान उघडलं, तर ते म्हणतंय, ‘हेही पाहा: थांब’. घाण्याच्या बैलागत फिरले की मी!”

संयोगितेचा चेहरा उतरला. अडकलेला काटा सोडविणारी आज्ञा ‘सोडव’ ही होती. तिचे पान संयोगितेनेच लिहिले होते. परंतु त्या पानाकडे नेणारी एकही ओळ अन्यत्र कोठे नव्हती.

“कागदावर लिहून दे आणि विषय संपव,” यशराज म्हणाले.

“ह्यांना कागद देईन, सर. बाकीच्या केंद्रांना?”

तिने ‘थांब’च्या पानाखाली लिहिले: ‘काटा अडकला असल्यास हेही पाहा: सोडव’. मग पडदा बयाबाईकडे वळविला आणि स्वतः हात मागे घेतले.

बयाबाई सवयीने थेट ‘सुरू’च्या पानावर गेली आणि पुन्हा तेथेच अडली. संयोगितेने तीच ओळ तेथेही घातली. बयाबाईने ती ओठ हलवीत वाचली, ‘सोडव’चे पान उघडले, आज्ञा दिली. टेबलावर मुद्दाम अडकवून ठेवलेल्या नमुन्याच्या काट्याचे आकडे हलू लागले.

“घावलं!” हंबीरराव ओरडला आणि त्याने तिला हाताने खुणावले. “चल आता, यष्टी चुकंल.”

बयाबाईने उठून चपला पायांत सरकविल्या. तेव्हा संयोगितेने पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘बसा मावशी. सोडव करून झाल्यावर पुढं कुठं जायचं, ते त्या पानावर हाय का बघू.’

बयाबाईने वाचले.

“व्हय की. काटा सुटला, पर दूध घ्यायला परत चालू कसं करायचं?”

“अगं, यष्टी!” हंबीरराव म्हणाला.

बयाबाईने चपला पुन्हा काढल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

आपण वेळ काढून येथवर वाचलेत, याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
बाबासो केरबा घस्ते
मु. पो. हातकणंगले