दुसऱ्या भागातली शिडी

सिनेमातला घरमालक पाण्याच्या टाकीत उतरला, शेजाऱ्यानं खालून शिडी पळवली, आणि भिंतीपलीकडून हसू आलं नाही.

शिंप्याची सुई काजातच थांबली.

पलीकडे निवृत्त ड्रिल मास्तर एकटेच राहत. दोघांत नऊ वर्षं बोलणं बंद होतं. का, ते विचारलं असतं तर दोघांनाही जरा आठवावं लागलं असतं. पण या सिनेमाचा दुसरा भाग (पहिला कुणाच्याच लक्षात नाही) महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी दुपारी टीव्हीवर यायचा आणि दोन्ही घरांत लागायचाच. शिडी हलली की मास्तर हसणार, तेही विनोदाच्या अर्धा क्षण आधी. जन्मभर शिट्टी फुंकलेला माणूस, त्याला दम कुठला! शिंपी या आगाऊपणाला नावं ठेवायचा आणि लगेच मागोमाग हसायचा.

आज पलीकडे टीव्ही चालू होता. संवाद स्पष्ट ऐकू येत होते.

"डोळा लागला असेल," शिंपी म्हणाला.

"शिडीच्या सीनला?" बायकोनं विचारलं.

घरमालकाची टोपी तिसऱ्या मजल्यावरच्या नळात अडकली. भिंत गप्पच.

"चार दिवस लेकीकडे होते. सकाळी आले तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं," बायको म्हणाली. "अहो, उठा. अबोला उद्यापासून परत धरा."

गळ्यात टेप तशीच ठेवून शिंपी धावला. आधी बोटांनी दार वाजवलं, मग मुठीनं, मग दोन्ही मुठींनी. "मास्तर! ओ मास्तर!" आतून नुसता टीव्ही बोलत होता. नऊ वर्षांत मास्तरांना ऐकवायला त्यानं एकाहून एक खोचक वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

कडी निघाली. मास्तरांनी पोटाशी उशी घट्ट आवळली होती. ओठ मिटलेले, डोळ्यांतून धारा.

"हर्नियाचं ऑपरेशन," ते दातांतून म्हणाले. "टाके ओले आहेत. आठवडाभर हसायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय."

"मग हा लावला कशाला?"

"न लावून काय करू? तुम्ही लावणारच. भिंतीतून सगळं येतंच की!"

शिंप्यानं एवढा मोठा श्वास सोडला की गळ्यातली टेप घसरून खाली पडली. काहीतरी कडक बोलायला हवं होतं. "दाराला कडी नका घालू," एवढंच म्हणून तो घरी आला.

"आहेत," त्यानं बायकोला सांगितलं, टाक्यांचंही सांगितलं, आणि टीव्हीचा आवाज बारीक केला.

शेवटचा गोंधळ सुरू झाला. अख्खी गल्ली एकाच शिडीवर. शिंप्याच्या पोटातून उकळी आली. पण आपल्या हसण्यानं पलीकडे हसू फुटलं तर? टाके उसवले की काय होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं हातातल्या शर्टाची बाही तोंडात कोंबली. बायकोनं उशीत तोंड खुपसलं. दोघांचे खांदे गदगदत होते, पण हसण्याचा आवाज काही बाहेर येत नव्हता.

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली.

"शिंपी! ओ शिंपी!" मास्तरांचा आवाज कापरा झाला होता. "एवढे गप्प का? बरे आहात ना?"