साडेनऊ फेऱ्या

"नववी चालू," म्हणत काकांनी रंगाऱ्यापुढे पंजा हलवला आणि न थांबता पुढे गेले.

रंगारी हसला. जहाज बंदरातून सुटल्याला चार दिवस झाले होते आणि चारही दिवस दुपारचं जेवण आटोपलं, की हा गडी डेकवर फेऱ्या मारायला हजर. बाकीचे प्रवासी त्या वेळी खुर्च्या मागे कलंडून, तोंडावर पुस्तक पालथं घालून घोरत पडलेले. काकांच्या फेऱ्या मात्र मोजून साडेनऊ. लाकडाच्या कारखान्यात असताना उजव्या हाताचं मधलं बोट करवतीने अर्धं नेलं होतं. बोटं साडेनऊ म्हणून फेऱ्या साडेनऊ, दहावी पुरी करायला बोट कुठून आणू, हा विनोद रंगाऱ्याने रोज ऐकला होता आणि रोज त्याला हसू आलं होतं.

फेरी काकूंच्या खुर्चीपासून सुरू व्हायची. काकू उन्हाच्या बाजूला, रंगारी सावलीच्या. मध्ये सगळं जहाज. शेवटची अर्धी फेरी रंगाऱ्यापाशी संपायची. तिथे काका दम खायचे, वाऱ्याने उडू पाहणाऱ्या टोपीला एक शिवी हासडायचे आणि मधल्या दाराने आत शिरून चहाचे दोन कप घेऊन बायकोकडे जायचे.

रंगाचा डबा तळाला गेला होता. रंगारी दुसरा आणायला खाली उतरला. फार तर दहा मिनिटं लागली असतील. येऊन बघतो तर कठड्याच्या ताज्या पांढऱ्या रंगावर दोन्ही हातांचे ठसे.

त्याचं डोकं सणकलं. 'रंग ओला आहे' ही पाटी आंधळ्यालाही दिसावी अशी टांगलेली होती. चार वाजता सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, काम बघायला येणार होता, आणि तो एका डागापायी अख्खी बाजू पुन्हा घासायला लावणारा माणूस. ठशांतली बोटं डेकच्या बाजूला वळलेली होती, तळवे समुद्राच्या बाजूला. एक बोट आखूड उमटलं होतं. दम खायला काकाच उलटे टेकले असणार, असं म्हणून त्याने ब्रश बुडवला आणि सफाईने फिरवला. कठडा पुन्हा गुळगुळीत दिसायला लागला. काका मधल्या वेळात येऊन गेले असतील, असं त्याने धरलं आणि पुढच्या खांबाला हात घातला.

अर्ध्या तासाने काकू आल्या. या बाजूला त्या पहिल्यांदाच येत होत्या. हे इकडून गेले का, असं त्यांनी विचारलं. आपण तरी पाहिले नाहीत, असं रंगारी म्हणाला. मग काकूंनी सांगितलं ते असं, की चहाची वाट बघून बघून त्यांचा डोळा लागला होता. पावलं वाजली म्हणून जाग आली. मागून येऊन यांनी खांद्यावर हात ठेवला आणि तसेच पुढे निघून गेले. चहा नाही, डोक्यावर टोपी नाही, तोंडातून शब्द नाही.

"आज दहावी पुरी केली त्यांनी," काकू म्हणाल्या. "कधी करत नाहीत. हाका मारल्या, पण वळून बघितलं नाही. मी मागोमागच आले. इकडेच आले ना?"

कुणीच आलं नव्हतं. डेकला दुसरी वाट नव्हती. मधलं दार रंगाऱ्याच्या पाठीशीच होतं आणि अर्ध्या तासात ते एकदाही उघडलं नव्हतं.

"आणि ही शाल बघा. कालच काढली होती नवी," म्हणत काकूंनी त्याच्याकडे पाठ केली.

शाल खांद्यापासून कोपरापर्यंत पाण्याने भिजली होती. खांद्यावर पांढऱ्या रंगाचा पंजा होता, स्वच्छ उमटलेला. मधलं बोट अर्धं.

रंगारी कठड्यावरून वाकला. खाली, लाइफबोटीच्या दोराला काकांची टोपी अडकून फडफडत होती. हात लांब केला तर पोचेल असं वाटावं इतकी जवळ, पण हात पोचत नव्हता. ठसे पाहिले तेव्हाच वाकून बघितलं असतं तर, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

तो चार पावलं बाजूला झाला. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून तोंड फिरवून, हलक्या आवाजात त्याने वॉकीटॉकीवर माणूस पाण्यात पडल्याचं कळवलं. पलीकडून अधिकाऱ्याने कुठली बाजू ते विचारलं. त्याने सांगितली. किती वेळ झाला, असं अधिकाऱ्याने विचारलं.

रंगाऱ्याने मघाशी ब्रश फिरवला होता त्या जागेवर बोट टेकवलं. बोटाला काहीच लागलं नाही. कठडा पार वाळला होता.

पलीकडचा आवाज पुन्हा पुन्हा विचारत होता. काकूंनी खाली पडलेली त्याची चिंधी उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"एवढं पुसून द्या ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "अजून ओलंच आहे."