फॉरेनचं कॅल्शियम

"गोळ्या मी स्वतः देतो, डॉक्टर. समोर उभा राहून. घशाखाली उतरल्याशिवाय हलत नाही," असं म्हणत ऑगस्टीनने पिशवीतली बाटली काढून टेबलावर आपटली. चांगली बरणीएवढी बाटली. त्याचा भाऊ सॅन्टन कुवेतला होता. तो सुट्टीवर आला की वहिनीसाठी असल्या दोन तरी आणायचा. फॉरेनचं कॅल्शियम. वटार गावात त्याला भारी मान. शेजारणी मागून न्यायच्या.

बाजूच्या खुर्चीवर त्याची बायको फ्लॉसी मान खाली घालून बसली होती.

ऑगस्टीन पार वैतागला होता. बायको एक आणि डॉक्टर पाच. हाडांचा वेगळा, मुतखड्याचा वेगळा, बीपीचा वेगळा, साखर वाढली तेव्हा आणखी एक, आणि आता ह्या वसईच्या बाई. जो तो आपली चिठ्ठी खरडून मोकळा. केळीची बाग एकट्याने बघायची, दमून घरी यावं तर ही आडवी पडलेली. विचारलं तर म्हणणार, अंगात जीव नाही. माणसाने किती ऐकायचं? पण गेल्या रविवारी मिस्साची प्रार्थना चालू असताना छातीत धडधडून ती देवळातच कोसळली, तेव्हा मात्र तो घाबरला. ही गेली तर आपलं काय, हे त्याने तोवर मनातसुद्धा आणलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"यांच्या रक्तात कॅल्शियम जास्त आहे. फार जास्त."

"जास्त कसं असेल? हाडं तर ठिसूळ झालीत म्हणतात."

"हाडांतलंच रक्तात उतरतंय. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यातली एखादी बिघडली की असं होतं. मग हाडं पोकळ होतात, मुतखडे होतात, बीपी चढतं, हृदयाचे ठोके चुकतात. आपण तपासण्या करू. बहुतेक ऑपरेशन करून ती ग्रंथी काढावी लागेल. पण या गोळ्या आजपासून बंद. हे आगीत तेल ओतणं आहे."

ऑगस्टीनने बाटली टेबलावरून उचलली आणि मांडीवर घेतली. दीड वर्ष. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. त्याला बाईंकडे बघवेना.

बाईंनी मुतखड्याच्या वेळची जुनी फाइल उघडली. त्यातही कॅल्शियमचा आकडा होता, कुणी त्याकडे पाहिलं नव्हतं. त्या थबकल्या. "जूनमध्ये आजच्यापेक्षा जास्त होतं. गोळ्या चालू असताना उतरलं कसं?"

"मी घेतच नाही," फ्लॉसी म्हणाली. "जूनपासून. गालात धरते, हा वळला की मागच्या दारी थुंकते. त्या घेतल्या की मळमळायचं, पोट गच्च व्हायचं, छाती धडधडायची."

"निदान भर तरी पडली नाही," बाई हळूच म्हणाल्या.

ऑगस्टीन भडकला. सहा महिने आपल्याला वेड्यात काढलं, तेही स्वतःच्या बायकोने. "अगं मग मला सांगायचं ना. मी काय वैरी आहे तुझा?"

फ्लॉसीने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं, ऑगस्टीन. दर वेळी सांगितलं. तू पाण्याचा ग्लास पुढे करायचास."