माडांच्या गावाला नारळाची पावडर

कार्गोवाला पाच वाजता येणार होता आणि यूनुस गावाकडे पाठवायचं कार्टन भरत होता. साबण, अम्मीचं गुडघ्यांचं मलम, बदाम, आणि नारळाच्या पावडरीचे आठ डबे. शेजारी त्याची लेक इन्शा फरशीवर पालथी पडून शाळेचा चार्ट रंगवत होती. स्पेनचा राजा, दुसरा फिलिप.

असल्या कार्टनमधून सगळं कोरं करकरीत जातं. स्वतःचे वापरलेले कपडे माणूस त्यात एकदाच घालतो, दुबई कायमची सोडताना.

सकाळी दाभोळहून अब्बांचा फोन आला होता. माडांच्या बागेला गिऱ्हाईक आलं होतं, उद्या त्याला शब्द द्यायचा होता. "तू येणार असशील तर ठेवतो," अब्बा म्हणाले, "नाहीतर माझ्याच्यानं आता होत नाही." संध्याकाळी सांगतो म्हणून यूनुसने फोन ठेवला. एकवीस वर्षं तो असंच काहीतरी सांगत आला होता आणि आता त्याला त्याची लाज वाटत होती.

"मोठा होता का गं तुझा राजा?" त्याने विचारलं.

"व्हेरी पॉवरफुल, अब्बू. एव्हरीवन वॉज स्केअर्ड ऑफ हिम. अमेरिकेतून शिप्स भरभरून सिल्व्हर यायचं."

"म्हणजे श्रीमंत."

"नो. ही वेंट बँकरप्ट. फोर टाइम्स."

"एवढी चांदी गेली कुठे?"

"वॉर्स. लोन्स." इन्शाने एका गलबताचं शीड रंगवून पुरं केलं. तिला राजाचं सोयरसुतक नव्हतं, चार्ट उद्या द्यायचा होता. "आणि घरी बनवायचं कमी झालं. दे बॉट थिंग्ज फ्रॉम आउटसाइड."

एसी घरघरत होता. खिडकीबाहेर दुबईतल्या मनखूलच्या इमारती धुळीत विरत चालल्या होत्या. यूनुसला चार्टावरची गलबतं हलल्यासारखी वाटली. ती सावकाश दाभोळच्या खाडीत शिरली. धक्क्यावर सारा गाव अत्तर लावून उभा होता, दुबईवाल्यांचा माल आला म्हणत होता. गलबतांतून कार्टनं उतरत होती, प्रत्येकावर पत्ता त्याच्याच अक्षरात. मागे बागेत मात्र कुणीच नव्हतं. कुणी न पाडलेले नारळ एकेक करून गवतात पडत होते आणि त्यांचा आवाजसुद्धा होत नव्हता.

"अहो, डबे तळाला ठेवा," बानू, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "अम्मींनी चार सांगितलेले, मी आठ आणले. बारा दिरहमला एक, म्हणजे तीनशे रुपये. पण माडावर चढायला माणूसच मिळत नाही, त्या तरी काय करतील?"

यूनुसने एक डबा हातात धरला, त्यावरचं 'नारळाची पावडर' हे नाव वाचलं. मग आठही डबे बाहेर काढून ओट्यावर नेऊन ठेवले. बानू बघत राहिली. तो आत गेला, कपाटातून आपली धुऊन धुऊन विटलेली चौकड्यांची लुंगी घेऊन आला आणि कार्टनच्या तळाशी अंथरली.

"अब्बू, दॅट्स ओल्ड," इन्शा म्हणाली.

बानू त्या लुंगीकडे बराच वेळ बघत उभी होती. इन्शाच्या शाळेचं, व्हिसाचं तिने काहीच विचारलं नाही. खाली कार्गोच्या गाडीचा हॉर्न वाजला. तेव्हा तिने अंगावरचा घरातला दुपट्टा काढला, नीट घडी घातली आणि लुंगीवर ठेवला.